बोट बाहेर, नळी खाली

पूर्णिमाबरोबर सिनेमाला जायला घरातलं कुणीच तयार नसायचं. गाणी असोत, रडारड असो, सासू-सुनांची भांडणं असोत, तिला काहीही चालायचं. पण पडद्यावर कुणी पिस्तूल काढलं की ही बाई ओठांतल्या ओठांत मोजायला लागायची. एक, दोन, तीन... सहा. आणि सहानंतरही हिरोचं रिव्हॉल्व्हर धडधडतच राहिलं, की शेजारच्याला कोपर मारून सांगायची, अहो, सहाच बसतात त्यात. तिच्या आईने, म्हणजे आक्कांनी, एकदा भर थिएटरात विचारलं होतं, "तुला सिनेमा बघायला आणलंय का पंचनामा करायला?" त्यानंतर आक्का सिनेमाला शेजारच्या शालूबाईंना घेऊन जायच्या.

म्हणून जानेवारीतल्या त्या गुरुवारी पूर्णिमा दुपारच्या खेळाला एकटीच आली होती. गुरुवारी तिची रेंज बंद असे. रेंज म्हणजे उचगावातली एक लांबुडकी पत्र्याची शेड. तिथे ती पोरापोरींना एअर पिस्तूल शिकवायची. दहा मीटरवर कागदाचं टार्गेट, साठ छर्रे, पंचाहत्तर मिनिटं. एका छर्‍याला सव्वा मिनिट. पडद्यावरच्या हिरोने तेवढ्या वेळात अख्खं गोदाम माणसांसकट झोपवलं होतं.

सहा झाले. सात, आठ.

"नऊ," पूर्णिमा पुटपुटली.

"धा," मागच्या रांगेतून आवाज आला.

ती वळली नाही. किलोभर वजनाचं पिस्तूल तासभर सरळ धरणारा तिचा हात मांडीवर तसाच राहिला. हा आवाज... बारा वर्षांत थोडा जाड झाला होता, इतकंच.

"अकरा," ती जरा मोठ्याने म्हणाली.

"बारा. आता तरी गोळ्या भर की लेका," मागचा म्हणाला. आणि पूर्णिमाला हसू आलं, न येऊन करतं काय.

मध्यंतरात दिवे लागले तेव्हा तिने मान वळवली. सम्राट. तेच दाट केस, कानाशी एखाददुसरा पांढरा. चष्मा नवा होता. हसताना डावा डोळा बारीक व्हायची खोड मात्र जुनीच.

"अजून मोजतीस व्हय?" त्याने विचारलं.

"तू अजून मागंच बसतोस?" तिने विचारलं.

मग दोघं रिकाम्या पडद्याकडे बघत राहिले.

ह्या दोघांचं काय होतं ते आता सांगायलाच हवं. सम्राटचे वडील केरबा सुतार. गंगावेशीत त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. आजूबाजूला सिनेमाचं शूटिंग असलं की त्यातल्या बंदुका केरबांच्या. सागवानात कोरलेल्या, वर काळा रंग, आणि रंगावर पेन्सिलीच्या शिशाची भुकटी चोळलेली. दोन हातांवरून बघितलं तर लोखंड वाटावं. सतरा-अठरा वर्षांची पूर्णिमा एक दिवस तिथे आली ती खरं पिस्तूल घेऊन. क्लबचं जुनं एअर पिस्तूल होतं, आणि त्याची लाकडी मूठ होती कुणा आडदांड गड्याच्या हाताची. तिच्या हाताला ती बसत नव्हती. केरबा कामात होते. त्यांनी मूठ पोराकडे सरकवली.

सम्राट तेव्हा वीस वर्षांचा. त्याने ती मूठ तिच्या हातात दिली, घट्ट धरायला लावली, मग तिचा तळवा उघडून बघितला. जिथे लाल झालं होतं तिथे लाकडावर पेन्सिलीने खूण केली आणि दोन हात कानस मारली. "आता कुठं टोचतंय?" ती सांगायची. तो परत घासायचा. हे काम अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी मूठ तिच्या हातात अशी बसली, की दोघांनाही मनातून वाईट वाटलं. मग तेराव्या दिवशी पूर्णिमा पुन्हा हजर, अंगठ्याजवळ जरा टोचतंय म्हणून. टोचत कुठेच नव्हतं. ते त्यालाही कळत होतं, पण त्याने गुमान कानस उचलली.

मग काय, वर्षभर दोघं मिळून सगळीकडे. कॉलेजजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात वायरीला बांधलेल्या प्लास्टिकच्या बंदुका होत्या. गोळ्या संपल्या की बंदूक पडद्याच्या बाहेर रोखून चाप ओढायचा, की भरल्या. सम्राट म्हणायचा, सिनेमावाल्यांपेक्षा ही मशीनवाली माणसं प्रामाणिक, निदान गोळ्या संपतात तरी. पूर्णिमा मात्र बाटल्या आणि बदकं आली तरच खेळायची. पडद्यावर माणसं आली की ती बंदूक खाली करून उभी राहायची आणि हरायची. क्लबात शिकवणार्‍या सरांनी रेंजवर पहिल्याच दिवशी घोकवून घेतलं होतं: बोट चापाच्या बाहेर, नळी खाली, आणि माणसाकडे कधीच नाही. रिकामी असली तरी नाही, खेळण्यातली असली तरी नाही. सम्राट चिडवायचा तिला, पण तिच्याकडे बघत राहायचा. सिनेमात गोळ्या मोजायचा खेळ त्यांनी तेव्हाच सुरू केला. एक आकडा तिने म्हणायचा, पुढचा त्याने.

आणि मग कळंब्याच्या तलावाकाठचं ते शूटिंग. नायिकेच्या हातांचा जवळून एक शॉट हवा होता. खुद्द नायिकेला पिस्तूल काही केल्या नीट धरता येईना. सम्राटने मोठ्या हौसेने पूर्णिमाला नेलं. हात दिसणार होते फक्त, चेहरा नाही. तिने उचललं, धरलं, कमरेला लावलं, युनिट खूश झालं. मग दिग्दर्शक म्हणाला, आता हिरोच्या छातीवर रोख. ती नाही म्हणाली. त्याने समजावलं, तो ओरडला, पन्नास माणसं खोळंबून उभी राहिली. ती नाहीच म्हणत राहिली. तेव्हा सम्राट पुढे आला आणि सगळ्यांच्या देखत बोलला, "लाकूड हाय ते, पूर्णिमा. कशाला तमाशा करतीस?"

तिने ते लाकूड टेबलावर ठेवलं, नळी तलावाकडे करून, आणि एस.टी.च्या थांब्यापर्यंत चालत गेली. त्या युनिटने केरबांना पुन्हा कधी बोलावलं नाही, हे तिला नंतर कुणाकडून तरी कळलं. ती नेमबाजीच्या कॅम्पला गेली, तो पुण्याला गेला. ती वाट बघत होती त्याच्या फोनची. तो कशाची बघत होता कोण जाणे. राग नाकावर घेऊन बसलेल्या दोन माणसांची बारा वर्षं अशीच जातात.

सिनेमाचा उत्तरार्ध दोघांनीही बघितला नाही. बाहेर चहाच्या गाड्यावर उभं राहून सम्राट सांगत होता. पुण्यातल्या एका गेमच्या कंपनीत तो काम करायचा. त्याचं काम म्हणजे बंदुका. हातात कशी धरायची, धक्का किती बसायचा, भरायला किती वेळ लागायचा. "खरा जेवढा वेळ लागतो तेवढा दिला की लोक वैतागून गेम काढून टाकतात," तो म्हणाला. "आणि फार कमी दिला की मला तुझी आठवण येती. मग मी मधला कायतरी आकडा टाकतो."

पूर्णिमाने चहात बघितलं.

तीन वर्षं तो एकाच गेमवर खपत होता. त्यातली नायिका एक पोरगी होती, आणि तिचे हात काही केल्या जिवंत वाटत नव्हते. हातमोज्यात बारीक तारा घालून खर्‍या माणसाच्या हालचाली टिपून घेतात, तसं पुण्यात चार-पाच जणींना घेऊन करून झालं होतं. "एकीचाबी हात बसत न्हाय," तो म्हणाला. "मग म्हटलं..."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," पूर्णिमा म्हणाली.

"उद्या येणारच होतो मी तुझ्या रेंजवर. आज धीर होईना म्हणून सिनेमाला आलो."

ती लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच, की घरी जाताना रस्ताभर ती स्वतःलाच रागावत होती. शुक्रवारी संध्याकाळी ती हातांना साय चोळत बसलेली बघून आक्का म्हणाल्या, "हातांचं लगीन हाय काय?" पूर्णिमा चोळतच राहिली. बारा वर्षांपूर्वी त्या शूटिंगच्या आदल्या रात्रीही ती अशीच चोळत बसली होती, हे आक्कांना आठवलं असावं, कारण त्यांनी सायीची वाटी तिच्याकडे आणखी सरकवली.

शनिवारी सकाळी वर्कशॉपमध्ये ऊन आडवं आलं होतं. केरबा काका खूप वाकले होते. आता सिनेमावाले तयार बंदुका आणतात, त्यामुळे फळ्यांवर दोन-तीन जुने नमुने सोडले तर काही उरलं नव्हतं. "आलीस व्हय पोरी," एवढंच म्हणून त्यांनी तिच्यासाठी स्टूल पुसलं. ती त्या रिकाम्या फळ्यांकडे बघत राहिली.

सम्राटने दोन कॅमेरे लावले. लॅपटॉपच्या पडद्यावर पुण्याहून त्याच्या वरिष्ठ, निशिगंधा मॅडम, बसल्या होत्या. टापटीप बाई, बोलणंही टापटीप. सम्राटने पूर्णिमाच्या हातांवर तारांचे मोजे चढवले. एकेक बोट नीट बसवत, मनगटाची पट्टी ओढत त्याने सवयीने विचारलं, "कुठं टोचतंय?"

दोघंही थांबले. तिचं मनगट अजून त्याच्या हातात होतं.

"कुठंच न्हाय," ती म्हणाली.

"सांगून बघ की," तो हळूच म्हणाला, "कानस अजून हाय."

"सम्राट, सुरू करू या का?" लॅपटॉपमधून निशिगंधा मॅडम म्हणाल्या.

काम झकास चाललं. प्लास्टिकचं पिस्तूल होतं, वजन भरून खर्‍याएवढं केलेलं. पूर्णिमाने भरलं, रिकामं केलं, कमरेला लावलं, पळत येऊन थांबली. प्रत्येक वेळी बोट बाहेर, नळी खाली. पडद्याच्या कोपर्‍यात तारांनी आखलेली गेममधली पोरगी तिच्यासारखीच हात हलवत होती, आणि निशिगंधा मॅडम कधी नव्हे ते खुर्चीत पुढे सरकल्या होत्या. आठ सीन झाले. नववा कोणता म्हणून पूर्णिमाने टेबलावरचा कागद उचलला.

"ती त्याच्या छातीवर पिस्तूल रोखते. बोट चापावर."

कागद तिने परत ठेवला. "हे गुरुवारी का सांगितलं न्हाईस?"

सम्राटची मान खाली गेली. "सांगितलं असतं तर आली नसतीस."

निशिगंधा मॅडमना आतली गोष्ट काय ठाऊक? त्यांनी समजावून सांगितलं. गेमचा सगळा शेवट ह्या एका क्षणावर आहे. त्या पोरीला ज्याने फसवलं, ज्याच्यावर तिचं प्रेम आहे, त्याच्यावर ती पिस्तूल रोखते. सोमवारी मालक बघणार आहेत. शेवट नसेल तर गेम दुसर्‍या टीमकडे जाईल, आणि सम्राटची तीन वर्षं पाण्यात.

पूर्णिमा ऐकत होती, पण बघत होती फळ्यांकडे. एका माणसाचं काम तिच्या हट्टापायी गेलं होतं. आज त्याच्या पोराचंही जायचं? पडद्यावर तर तारांची बाहुली आहे, हातात प्लास्टिक आहे. नियम सरांचा होता, आणि सरही आता हयात नाहीत. तिने स्वतःला बजावलं, आयुष्यात एकदा मोड.

"उभा र्‍हा समोर," ती सम्राटला म्हणाली. "तुझ्यावरच धरतो. दुसर्‍या कुणावर जमायचं न्हाय मला."

तो उभा राहिला, भिंतीपाशी, दहा पावलांवर. केरबांनी हातातली विडी न पेटवताच खाली ठेवली. पूर्णिमाने श्वास घेतला, अर्धा सोडला आणि हात वर उचलला. साठ-साठ नेम धरताना कधी हलला नव्हता तो हात... आज थरथरत होता. पिस्तुलाच्या टोकावर सम्राटचा शर्ट होता, तिसरं बटण.

"हात कापतोय, छान, अगदी खरं वाटतंय," लॅपटॉपमधून आवाज आला. "आता बोट आत घ्या."

बोट आत जाईना. तिने ते ढकललं. डोळ्यांत पाणी आलं, आणि बटण दिसेनासं झालं.

मग पावलं वाजली. सम्राट बाजूने आला, नळीच्या समोरून नाही, तिनेच कधीकाळी शिकवलं होतं तसा. त्याने तळहाताने नळी हळूच खाली केली.

"न्हाय," तो म्हणाला. आधी तिला, मग लॅपटॉपकडे वळून. "मॅडम, ही पोरगी माणसाकडं बंदूक धरत न्हाय. गेममधलीबी धरणार न्हाय."

"सम्राट, सोमवार आहे."

"ठाऊक हाय. बारा वर्षांमागं हेच बोलायला पायजे होतं, तवा पन्नास माणसांना भ्यालो. आज तुम्ही एकट्याच हाय."

निशिगंधा मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. मग म्हणाल्या, "बरं. मग ती करते काय? मला शेवट हवा."

"पिस्तूल खाली ठेवती. आणि बोलती."

"काय बोलते?"

तीन वर्षं सम्राटने बंदुकांचा विचार केला होता, बोलण्याचा नाही. त्याने पूर्णिमाकडे बघितलं.

पूर्णिमाने पिस्तूल कामाच्या टेबलावर ठेवलं, नळी भिंतीकडे. मोज्यातल्या हाताने डोळे पुसले. आणि मग ती बोलली, अंगावर तारा आहेत, समोर कॅमेरा आहे, काका बसलेत, काही न बघता.

"बारा वर्षं झाली. एक फोन केला असतास तर बोटं झिजली असती काय तुझी? मी बी केला न्हाय, माझंबी चुकलं. पर रोज साठ वेळा मी मन रिकामं करायला जातो आणि साठ वेळा तू येऊन बसतोस मधी. कसा लागायचा माझा नेम? माझा जीव हाय तुझ्यावर. तवाबी होता. आता... आता काय करायचं ते तू बघ."

केरबांनी विडी उचलली आणि तोंड भिंतीकडे केलं. म्हातार्‍याचे खांदे हसण्याने हलत होते का रडण्याने, ते समजलं नाही.

"हातांचं सगळं आलं," निशिगंधा मॅडम म्हणाल्या. "बोलताना हात काय सुंदर हलतात. सोमवारी मी हेच दाखवते. नाही पटलं तर आपण दोघंही दुसरी नोकरी शोधू. फक्त मधेच नेट गेलं, आवाज मिळाला नाही. त्यांना जरा पुन्हा म्हणायला सांग ना."

"सारखं सारखं म्हणायला मी काय रेडिओ हाय?" पूर्णिमा लाल होऊन म्हणाली.

सम्राटने लॅपटॉपचं झाकण मिटलं. केरबा चहा सांगून येतो म्हणत उठले, आणि जाताना दार ओढून घेतलं.

"आता म्हण," सम्राट म्हणाला.

आणि तिने म्हटलं. ह्या वेळी थोडं कमी रागावून.

मालकांना शेवट पटला. वर्षाने गेम आला. त्यातली पोरगी शेवटी पिस्तूल टेबलावर ठेवते, डोळे पुसते आणि समोरच्याशी काहीतरी बोलते. नुसते ओठ आणि हात हलतात, आवाज येत नाही. ती काय म्हणाली असेल, यावर खेळणार्‍या पोरांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. उचगावच्या शेडमध्ये गुरुवारी दुपारी एक बाई ते सगळे तर्क शोधून काढते आणि नवर्‍याला मोठ्याने वाचून दाखवते. एकाचाही तर्क बरोबर निघालेला नाही.